एक्सेलच्या हुकमावर वर्ड: मॅक्रो अडतो तेव्हा

एक्सेलच्या तक्त्यातील माहिती उचलून वर्डमध्ये पत्र, दाखला किंवा प्रमाणपत्र तयार करणारे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या) कोल्हापूर परिसरातील कारखान्यांत, पतसंस्थांत आणि शाळांत रोजच्या वापरात असतात, आणि त्यांतला एखादा अडला की त्या दिवसाचे कामच खोळंबते. या विषयावर वाचकांनी विचारलेल्या काही शंकांना या अंकात उत्तरे दिली आहेत. आज्ञांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी लिपीत आणि सलग लिहावयाची आहेत.

प्रश्न: आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. प्रत्येक हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे) रासायनिक पृथक्करण आणि हार्डनेस एक्सेलमध्ये नोंदवून मॅक्रोच्या साहाय्याने वर्डमध्ये ग्राहकासाठी टेस्ट सर्टिफिकेट काढले जाते. सकाळचे पहिले सर्टिफिकेट व्यवस्थित निघते. दुसऱ्या वेळी मात्र ‘एरर ४६२’ येऊन दूरचा सर्व्हर उपलब्ध नसल्याचा संदेश दिसतो. एक्सेल बंद करून पुन्हा उघडले की एकदा चालते आणि परत तेच. आमचा संगणक कोणत्याही सर्व्हरला जोडलेला नाही. कोडचा महत्त्वाचा भाग सोबत पाठवीत आहे. (गुणवत्ता विभाग, शिरोली)

उत्तर: या संदेशातील सर्व्हर म्हणजे दुसरे यंत्र नव्हे, तर आपल्याच संगणकावरील वर्ड होय. एक्सेल काम सांगणारा आणि वर्ड ते करून देणारा, अशी ही रचना असल्यामुळे वर्डला येथे सर्व्हर म्हटले जाते, आणि ‘उपलब्ध नाही’ याचा अर्थ एवढाच की एक्सेल ज्या वर्डशी बोलू पाहत आहे तो आधीच बंद झालेला आहे.

आपण पाठविलेल्या कोडमध्ये वर्ड सुरू करण्याची ओळ बरोबर आहे, शेवटी तो ‘क्विट’ करण्याची ओळही बरोबर आहे. दोष मधल्या एका ओळीत आहे. वरचा समास दोन सेंटिमीटर ठेवण्यासाठी आपण ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट’ हा शब्द आणि सेंटिमीटरचे पॉइंट करून देणारे ‘सेंटिमीटर्सटूपॉइंट्स’ हे फंक्शन, दोन्ही एकटीच लिहिली आहेत. त्यांच्या आधी आपल्या वर्डच्या चलाचे (कोडमध्ये वर्ड ज्या नावाने धरून ठेवला आहे त्या व्हेरिएबलचे) नाव आणि टिंब नाही. तालमीत जाऊन नुसते ‘पैलवान’ अशी हाक मारली तर कोण वळून पाहील याचा भरवसा नसतो, तसेच येथे होते. एवढेच की व्हीबीए, म्हणजे मॅक्रोची भाषा, गोंधळून थांबत नाही. ‘रेफरन्सेस’च्या यादीत जी ग्रंथालये (प्रोग्रॅमच्या आज्ञा आणि नावांचे संच) ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने ते हे नाव शोधते, एक्सेलमध्ये ते सापडत नाही, वर्डमध्ये सापडते, आणि मग आपल्याला न सांगता ते वर्डशी स्वतःची एक अदृश्य जोडणी करून ठेवते.

ही जोडणी आपल्या चलात नसते, म्हणून ते चल ‘नथिंग’, म्हणजे रिकामे, केले तरी ती सुटत नाही. पहिल्या फेरीत ती आपल्याच वर्डला चिकटलेली असल्यामुळे सर्व काही सुरळीत दिसते. ‘क्विट’ झाल्यावर तो वर्ड जातो, जोडणी मात्र तशीच राहते. दुसऱ्या फेरीत आपण नवा वर्ड सुरू करता, तरी मालकाचे नाव नसलेली ती ओळ जुन्या, बंद झालेल्या वर्डकडेच जाते आणि ४६२ येतो. एक्सेल बंद केल्याने जोडणी तुटते, म्हणून पुन्हा एकदा चालते. काही वेळा याच कारणाने उलटे लक्षण दिसते: ‘क्विट’ करूनही टास्क मॅनेजरमध्ये वर्ड जिवंत राहतो.

उपाय सोपा आहे. वर्डच्या प्रत्येक वस्तूआधी ती कोणत्या वर्डची किंवा कोणत्या दस्तऐवजाची आहे ते लिहावे. नमुना फाइलवरून ‘डॉक्युमेंट्स.ॲड’ने नवा दस्तऐवज काढताना तो एका चलात घ्यावा आणि पुढे ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट’ हा शब्द वापरूच नये. समासाच्या ओळीत त्या चलाचे ‘पेजसेटअप’ घ्यावे आणि सेंटिमीटरच्या फंक्शनआधी वर्डच्या चलाचे नाव लिहावे. फंक्शनच नको असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २८.३५ पॉइंट, म्हणून दोन सेंटिमीटरसाठी थेट ५६.७ लिहिले तरी चालते.

अशा ओळी मोठ्या कोडमध्ये डोळ्यांनी शोधणे कंटाळवाणे असते आणि एखादी हमखास सुटते. त्याऐवजी फाइलची प्रत घेऊन त्यात सर्वांत वर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ (प्रत्येक चल आधी घोषित करायला लावणारी ओळ) लिहावे, वर्डची सर्व चले ‘ॲज ऑब्जेक्ट’ अशी घोषित करावीत, वर्ड सुरू करण्यासाठी ‘न्यू’ वापरले असेल तेथे ‘क्रिएटऑब्जेक्ट’ लिहावे, ‘टूल्स’मधील ‘रेफरन्सेस’मधून वर्डच्या ग्रंथालयावरची खूण काढावी आणि ‘डीबग’मधून ‘कम्पाइल’ करावे. एक्सेलमध्येही असलेली काही नावे सोडली तर मालक नसलेल्या नावाची प्रत्येक ओळ आता संगणकच आपल्याला एकेक करून दाखवील. ‘डब्ल्यूडी’ने सुरू होणारी नावेही त्यात अडतील; त्यांच्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

नावे सारखी असल्यामुळे होणारे आणखी दोन घोटाळे याच जातीचे आहेत. ‘सिलेक्शन’ ही वस्तू एक्सेलमध्येही आहे आणि वर्डमध्येही, आणि एक्सेलच्या मॅक्रोत ती एकटी लिहिली तर एक्सेलचीच धरली जाते. म्हणून तिला वर्डची ‘टाइपटेक्स्ट’ आज्ञा दिली की ‘एरर ४३८’ येतो. तसेच ‘डिम आर ॲज रेंज’ असे लिहिलेले चल एक्सेलच्या रेंजचे होते आणि त्यात वर्डचा मजकूर ठेवू गेल्यास ‘एरर १३’ येतो; तेथे ‘वर्ड.रेंज’ असे पूर्ण नाव हवे. वर्डमध्ये रेकॉर्ड केलेला मॅक्रो तसाच एक्सेलमध्ये चिकटवणाऱ्यांना हे दोन क्रमांक परिचयाचे असतील, कारण रेकॉर्डर प्रत्येक गोष्ट ‘सिलेक्शन’च्या भाषेत लिहितो.

एक सूचना विचारली नसतानाही करतो. आपल्या कोडमध्ये चूक झाल्यास बाहेर पडण्याची वाट नाही. मॅक्रो मध्येच थांबला की ‘क्विट’ची ओळ गाठलीच जात नाही आणि न दिसणारा वर्ड मागे राहतो, असे चार-पाच साचले की संगणक मंदावतो आणि नमुना फाइल ‘वापरात आहे’ असे सांगू लागते. ‘ऑन एरर गोटू’ने एका शेवटच्या भागाकडे जावे, तेथे दस्तऐवज न जतन करता बंद करावा आणि वर्ड ‘क्विट’ करावा. मात्र वर्ड ‘गेटऑब्जेक्ट’ने घेतला असेल, म्हणजे आधीपासून उघडा असलेलाच वापरला असेल, तर त्याला ‘क्विट’ करण्याचा अधिकार मॅक्रोला नाही. त्या वर्डमध्ये शेजारच्या सहकाऱ्याने अर्धवट लिहिलेले पत्र असू शकते.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत थकबाकीदारांच्या नोटिसा मॅक्रोने निघतात. सर्व शाखांत चालावा म्हणून एका जाणकाराच्या सल्ल्याने वर्डचा रेफरन्स काढून ‘क्रिएटऑब्जेक्ट’ वापरले. आता एरर कोणताही येत नाही, पण नमुन्यातील चौकटी कंसातली नावे बदलत नाहीत आणि तयार झालेली पीडीएफ उघडत नाही. (लिपिक, शाहूपुरी)

उत्तर: सल्ला योग्यच होता, तो अर्धा अमलात आला. वर्डचा रेफरन्स असतो तेव्हा ‘डब्ल्यूडीरिप्लेसऑल’, ‘डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ’ अशा नावांमागचे आकडे एक्सेलला त्या ग्रंथालयातून कळतात. रेफरन्स काढल्यावर एक्सेलच्या लेखी ही नावे म्हणजे नव्याने जन्मलेली रिकामी चले होत, आणि रिकाम्याची किंमत शून्य धरली जाते. बदलण्याच्या आज्ञेत सर्व ठिकाणी बदल करण्याचा आकडा २ आहे, एकाच ठिकाणी बदलण्याचा १, आणि शून्याचा अर्थ ‘काहीही बदलू नये’ असा आहे. वर्डने आपली आज्ञा तंतोतंत पाळली आहे. जतन करण्याच्या आज्ञेत पीडीएफचा आकडा १७ आहे, तर शून्य हा वर्डच्याच दस्तऐवजाचा आकडा आहे. म्हणून फाइलच्या नावाला पीडीएफ हे शेपूट लागले, आतला ऐवज मात्र वर्डचाच राहिला. अशा एखाद्या फाइलचे शेपूट बदलून ‘डॉक’ करून पाहावे, ती वर्डमध्ये उघडेल.

एरर येणाऱ्या मॅक्रोपेक्षा हा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण तो चूक करतो आणि गप्प बसतो. मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ असते तर कम्पाइल करतानाच ही नावे अडली असती. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ येथे ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’वर खूण करून ठेवावी, म्हणजे नव्या मॉड्यूलमध्ये ती ओळ आपोआप येईल, जुन्या मॉड्यूलमध्ये ती हाताने घालावी लागते. कोणत्या नावाचा कोणता आकडा हे पाहण्यासाठी वर्ड उघडून ऑल्ट आणि एफ ११ दाबावे, मग कंट्रोल आणि जी दाबून येणाऱ्या खिडकीत प्रश्नचिन्ह आणि ते नाव लिहून एंटर दाबावे. आलेला आकडा आपल्या मॉड्यूलच्या आरंभी ‘कॉन्स्ट’ (न बदलणारी किंमत) म्हणून त्याच नावाने लिहिला की उरलेला कोड बदलावा लागत नाही.

नोटिसांच्या बाबतीत आणखी तीन अडचणी आपल्यापुढे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. शोधून बदलण्याच्या आज्ञेत बदली मजकूर २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. कर्जदार आणि दोन जामीनदारांचे पत्ते एकत्र घातले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि ‘एरर ५८५४’ येतो. तेथे फक्त शोधण्याची आज्ञा द्यावी आणि सापडलेल्या रेंजच्या ‘टेक्स्ट’मध्ये मजकूर ठेवावा. दुसरे असे की दस्तऐवजाच्या ‘कंटेंट’मध्ये शोधल्यास हेडर, फूटर आणि टेक्स्ट बॉक्स तपासले जात नाहीत, जावक क्रमांक लेटरहेडच्या हेडरमध्ये असेल तर तो तसाच राहील, त्यासाठी ‘स्टोरीरेंजेस’मधून, म्हणजे दस्तऐवजाच्या अशा सर्व भागांतून, फिरावे लागते.

तिसरी अडचण रकमेची आहे. सेलची ‘व्हॅल्यू’ घेतली तर पडद्यावर १,२५,००० दिसणारी रक्कम नोटिशीत स्वल्पविरामांशिवाय उतरते. ‘टेक्स्ट’ घेतला तर जशी दिसते तशी येते, पण अक्षरशः जशी दिसते तशी: स्तंभ अरुंद असल्यामुळे सेलमध्ये ##### दिसत असेल तर तेच नोटिशीत छापले जाईल. थकबाकीदाराला अशी नोटीस मिळाली तर तो ती आनंदाने जपून ठेवील. मॅक्रोच्या आरंभी स्तंभ ‘ऑटोफिट’ करावा.

प्रश्न: करवीर तालुक्यातील एका शाळेत मी शिक्षिका आहे. बोनाफाईड दाखल्याच्या मॅक्रोत मराठी वाक्य लिहिले की त्याची प्रश्नचिन्हे होतात. तक्त्यातील मराठी नावे मात्र नीट येतात, पण त्यांचा फाँट बदलत नाही. आकारही छोटाच राहतो.

उत्तर: बाई, यात आपली काही चूक नाही. एक्सेल आणि वर्ड युनिकोड (सर्व लिपींतील अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) जाणतात, पण मॅक्रो लिहिण्याची खिडकी जुन्या कोडपेजवर (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यावर) चालते, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसे जुने कोडपेज नाही. म्हणून त्या खिडकीत लिहिलेले प्रत्येक मराठी अक्षर ‘?’ होऊन जतन होते आणि एकदा झाले की ते परत मिळत नाही. संदेशाच्या चौकटीतही, म्हणजे ‘मेसेजबॉक्स’मध्येही, मराठी नीट दिसत नाही.

कोडमध्ये मराठी लिहूच नये, हा यावरचा माझा आवडता उपाय आहे. दाखल्यातील ठरावीक वाक्ये वर्डच्या नमुन्यातच असावीत. मुलगा-मुलगी यानुसार बदलणारे शब्द एक्सेलच्या एका वेगळ्या, हवे तर लपवलेल्या पानावर सेलमध्ये लिहावेत आणि मॅक्रोने ते तेथून उचलावेत. एखादेच अक्षर हवे असेल तर ‘सीएचआरडब्ल्यू’ फंक्शनला त्याचा युनिकोड क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ‘अ’साठी २३०९, पण संपूर्ण वाक्य असे आकड्यांत लिहिणे म्हणजे पुढे कोड वाचणाऱ्याला शिक्षा करणे होय.

फाँटचे कारण वेगळे आहे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिच्यासाठी फाँट, आकार व ठळकपणा यांची नोंद इंग्रजीपासून स्वतंत्र ठेवतो. आपण ‘फाँट.नेम’ आणि ‘फाँट.साइझ’ बदलत आहात. त्याचा परिणाम इंग्रजी अक्षरांवर होतो, मराठी मात्र मंगलमध्ये किंवा पूर्वी जो फाँट असेल त्यातच राहते. मराठीसाठी ‘नेमबीआय’, ‘साइझबीआय’ आणि ‘बोल्डबीआय’ हे गुणधर्म वापरावेत. मदतपुस्तिकेत त्यांच्यापुढे उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांचा उल्लेख आहे, त्यामुळे आपल्याकडील बहुतेक जण ते वाचून पुढे जातात. त्याहून चांगले म्हणजे नमुन्यात एक स्टाइल बनवून तिच्यात दोन्ही फाँट ठरवावेत आणि मॅक्रोने फक्त ती स्टाइल लावावी.

जुनी नावे युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर गोष्ट निराळी आहे. तेथे सेलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. असा तक्ता आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, मग मॅक्रोकडे वळावे.

प्रश्न: घरी ऑफिस २०१९ वर केलेली फाइल कार्यालयातील ऑफिस २०१० वर नेली की मॅक्रो ‘लेफ्ट’ या साध्या फंक्शनवर थांबतो आणि प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नसल्याचे सांगतो. (कागल)

उत्तर: ‘लेफ्ट’ निर्दोष आहे. ऑफिस २०१९ मधील वर्डचे ग्रंथालय १६.० क्रमांकाचे आहे, २०१० मधील १४.० चे. जुन्या आवृत्तीतील फाइल नव्यात उघडली तर हा क्रमांक आपोआप वर सरकतो. नव्यातून जुन्यात येताना तो खाली येत नाही. ‘रेफरन्सेस’मध्ये ‘मिसिंग’ असे लिहिलेली ओळ दिसेल, आणि यादीत एक जरी ग्रंथालय हरवलेले असले तरी व्हीबीए भलत्याच फंक्शनवर अडखळते. ‘मिसिंग’वरची खूण काढून १४.० वर खूण करणे हा तात्पुरता उपाय. फाइल दोन्हीकडे फिरणार असेल तर शाहूपुरीच्या पत्राला दिलेल्या उत्तराप्रमाणे रेफरन्सच काढून टाकावा, आकडे ‘कॉन्स्ट’ म्हणून द्यायला न विसरता.

प्रश्न: मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. रोजच्या सौद्यातील दरांचा तक्ता आणि आलेख एक्सेलमधून वर्डच्या पत्रकात चिकटवतो. कधी चालते, कधी ‘एरर ४६०५’ येतो. एफ ८ दाबून एकेक ओळ चालवली तर मात्र हटकून चालते. शिवाय अधूनमधून एक्सेल ‘ओएलई’ कृतीची (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेतलेल्या कामाची) वाट पाहत असल्याचे सांगून गोठते.

उत्तर: एकेक ओळ चालवताना चालणारे आणि सलग चालवताना अडणारे काम बहुधा वेळेच्या गणितामुळे अडते. एक्सेलने आलेख क्लिपबोर्डवर (कॉपी केलेले तात्पुरते ठेवण्याच्या जागेत) ठेवण्याचे काम पुरे होण्याआधीच वर्डला ‘पेस्ट’ची आज्ञा मिळते, किंवा तिसराच एखादा प्रोग्रॅम त्या क्षणी क्लिपबोर्ड धरून बसलेला असतो. मध्ये ‘डूइव्हेंट्स’ (इतर कामांना क्षणभर वाव देणारी आज्ञा) घालणे, किंवा एरर आल्यास थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करणारी फेरी लिहिणे, याने त्रास कमी होतो. पण क्लिपबोर्ड सर्वांच्या मालकीचा असल्यामुळे पूर्ण खात्री त्यावर कधीच मिळत नाही. म्हणून क्लिपबोर्डच टाळावा. आलेख ‘एक्सपोर्ट’ करून चित्राच्या फाइलमध्ये घ्यावा आणि वर्डमध्ये ‘इनलाइनशेप्स.ॲडपिक्चर’ने घालावा. दरांचा तक्ता टॅबने विभागलेला मजकूर म्हणून एकदम घालून ‘कन्व्हर्टटूटेबल’ने त्याचे टेबल करावे, सेल एकेक करून भरण्यापेक्षा हे बरेच वेगाने होते. पुढे कधी त्या टेबलातील दर परत एक्सेलमध्ये वाचायचे झाल्यास प्रत्येक सेलच्या मजकुराशेवटी १३ आणि ७ क्रमांकांची दोन न दिसणारी अक्षरे असतात, ती कापल्याशिवाय आकडा आकडा म्हणून वापरता येत नाही.

गोठण्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की न दिसणाऱ्या वर्डने एक प्रश्न विचारलेला असतो आणि तो कोणालाच दिसत नाही: फाइल दुसऱ्याने उघडली आहे, केवळ वाचण्यासाठी उघडू का, बदल जतन करू का. दुरुस्ती चालू असेपर्यंत वर्डची ‘व्हिजिबल’ ‘ट्रू’ ठेवावी, म्हणजे प्रश्न समोर येईल. पत्रकाच्या फोल्डरमध्ये ‘~$’ने सुरू होणारी लपलेली फाइल दिसली तर पत्रक कोठेतरी उघडे आहे किंवा मागच्या वेळी नीट बंद झालेले नाही असे समजावे; उघडी कामे जतन करून टास्क मॅनेजरमधून उरलेले वर्ड बंद करावेत. नेमका प्रश्न कळल्यावर मगच ‘डिस्प्लेअलर्ट्स’ शून्य करावे. आधीच शून्य केले तर प्रश्न दिसणार नाही आणि वर्ड स्वतःच ठरवील ते उत्तर आपल्याला मान्य करावे लागेल.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की हीच फाइल मुलाला ई-मेलने पाठवल्यावर त्याच्याकडे मॅक्रो सुरूच का होत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जुलैपासून मूळ सेटिंगमध्येच रोखण्यास सुरुवात केली आहे. फाइल बंद करून तिच्यावर उजवे क्लिक करावे, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी आणि मग उघडावी, अर्थात फाइल स्वतःच्याच घरून आलेली असेल तरच. तो मोबाइलवर किंवा ब्राउझरमधील एक्सेलमध्ये उघडत असेल तर तेथे व्हीबीए मॅक्रो चालतच नाहीत, त्यासाठी संगणकावर बसवलेले ऑफिसच लागेल.